निरोपाची घाई

४ नोव्हेंबर १८२८. व्हिएन्नात त्या दिवशी फ्रान्झ शूबर्ट शिकवणीला गेला. वय वर्षं एकतीस. सहाशेच्या आसपास गाणी लिहून झाली होती, आज ‘ग्रेट’ म्हणून ओळखली जाणारी सी मेजर या स्वरपट्टीतली सिंफनी लिहून झाली होती. तरी आपलं काउंटरपॉइंट कच्चं आहे, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. दोन-तीन स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालवायच्या, प्रत्येकीचा डौल राखायचा आणि तरी त्या एकमेकींच्या पायात येऊ द्यायच्या नाहीत, अशी ती विद्या. झिमोन झेक्टर हे त्यातले नावाजलेले मास्तर. शूबर्टने त्यांच्याकडे पहिला पाठ घेतला, पुढचे पाठ घ्यायचं ठरवलं. मग त्याने अंथरूण धरलं आणि १९ नोव्हेंबरला तो गेला.

त्याच शेवटच्या आठवड्यांत तो एका नव्या सिंफनीचा आराखडा करत होता. डी मेजरमधली, तीन मूव्हमेंटची, म्हणजे तीन भागांची. अभ्यासक तिला ‘डी ९३६ ए’ या रुक्ष क्रमांकाने ओळखतात. पियानोसाठी लिहितात तशा दोन ओळींवर सगळं लिहिलेलं, कुठे कुठलं वाद्य वाजेल याच्या मोजक्या खुणा, बरीच खाडाखोड. आणि त्याच कागदांवर मध्येच काउंटरपॉइंटचा सराव. म्हणजे एकाच कागदावर एकीकडे ज्याच्या तोडीचं संगीत त्या शहरात दुसरं कुणी लिहीत नव्हतं ते, आणि त्याच्या शेजारी विद्यार्थ्याचा गृहपाठ.

मरायला टेकलेला माणूस असं वागत नाही, असं म्हणावंसं वाटतं. पण मला वाटतं माणूस असाच वागतो. उद्याची सोय करून ठेवतो. शिकवणी लावतो. शेवटचं काय ते मागे राहिलेले ठरवतात.

गेली काही वर्षं मी थोरामोठ्यांच्या शेवटच्या आणि अर्धवट राहिलेल्या सिंफनी ध्यास घेतल्यासारखा ऐकतो आहे. सुरुवातीला मलाही त्यांत तेच ऐकू यायचं, जे रेकॉर्डच्या पाकिटावर आणि कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं: आयुष्याला दिलेला निरोप, पैलतीराची चाहूल, मावळतीचे रंग. त्या भावनेत खोटं काही नव्हतं, पण ती भावना माझी होती, त्या माणसाची नव्हे. पुढे हस्तलिखितांची कहाणी कळत गेली. कुठलं पान कधी लिहिलं, कुठे खोडलं, शेवट कसा बदलला. मग ऐकणं पालटलं. आता त्या सुरांत मला काम करणारा माणूस ऐकू येतो. अडलेला, वैतागलेला, पुन्हा बसलेला. आणि तो मला निरोप घेणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

शूबर्टचंच बघा. ‘अनफिनिश्ड’ म्हटलं की जगाला आठवते ती त्याची बी मायनरमधली सिंफनी. तळाशी चेलो आणि डबल बास अगदी हळू एक ओळ म्हणतात, त्यावर व्हायोलिनांची अस्वस्थ कुजबुज सुरू होते, मग ओबो आणि क्लॅरिनेट मिळून एक लांब, दुखरी सुरावट धरतात. थोड्या वेळाने चेलोंवर ती प्रसिद्ध धून येते. जी मेजरमधली, इतकी साधी की पहिल्यांदा ऐकणाराही गुणगुणायला लागतो. आणि ती धून पुरी व्हायच्या आत तुटते. वाक्य अर्ध्यावर सोडल्यासारखी. पूर्ण एक बार, म्हणजे तालाचं एक माप, शांतता. मग सगळा वाद्यवृंद एकदम कोसळतो. हे ऐकताना कुणालाही वाटेल की इथे मृत्यू दाराशी उभा आहे.

पण ही सिंफनी १८२२ सालची. शूबर्ट तेव्हा पंचविशीत होता. दोन मूव्हमेंट पुऱ्या केल्या, तिसरीचा पियानोवरचा आराखडा जवळजवळ तयार होता, त्यातले सुरुवातीचे मोजके बार वाद्यवृंदासाठी लिहिलेही होते, आणि मग त्याने वही मिटली. त्यानंतर तो सहा वर्षं जगला आणि ‘ग्रेट’ सिंफनी पुरी केली. म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध अर्धवट सिंफनी मरणामुळे अर्धवट राहिलेलीच नाही. हस्तलिखित त्याचा मित्र आन्सेल्म ह्युटेनब्रेनर याच्याकडे पडून राहिलं, चाळीसहून अधिक वर्षं. योहान हेरबेक या कंडक्टरने ते त्याच्याकडून मिळवलं आणि १७ डिसेंबर १८६५ रोजी व्हिएन्नात वाजवलं. दोनच मूव्हमेंट कशा वाजवायच्या, म्हणून त्या दिवशी शूबर्टच्या तिसऱ्या सिंफनीचा शेवट त्याला जोडला होता. काम अर्धवट ठेवणं आपल्याला सहनच होत नाही. १९२८ साली, शूबर्टच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने ही सिंफनी पूर्ण करण्याची स्पर्धाच जाहीर केली. ओरड झाली, मग स्पर्धेचे नियम बदलून स्वतंत्र सिंफनी मागवल्या गेल्या आणि दहा हजार डॉलर स्वीडनच्या कुर्ट आटरबेर्गला मिळाले.

शूबर्टने ती अर्ध्यावर का सोडली? त्याच सुमारास तो गंभीर आजारी पडला, त्या आठवणींमुळे तिच्याकडे परत जाववलं नाही, असं काही जण मानतात. असेलही. मला एवढंच वाटतं की तिसऱ्या मूव्हमेंटचा आराखडा पहिल्या दोन्हींच्या पासंगालाही पुरत नाही, आणि ते सगळ्यांत आधी शूबर्टलाच कळलं असणार. काम सोडून द्यायलाही कान लागतो.

‘डी ९३६ ए’ची गोष्ट वेगळी. तिथे त्याने काही सोडलं नव्हतं, तो तिच्यात गुंतलेला होता. तिची मधली, संथ मूव्हमेंट बी मायनरमध्ये आहे, आणि तिच्यात असा काही ओसाडपणा आहे की हे १८२८ मधलं वाटतच नाही. कितीतरी पुढच्या काळातला संगीतकार माहलर ऐकतोय असं वाटतं. ब्रायन न्यूबोल्ड या इंग्रज अभ्यासकाने हे आराखडे वाजवता येतील असे पुरे केले आहेत, आणि ते काम प्रामाणिक आहे. पण मला त्याहून जवळचं वाटतं ते लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराने १९८९-९० मध्ये केलेलं ‘रेंडरिंग’. बेरिओने जिथे शूबर्टची पानं आहेत तिथे ती शूबर्टच्या काळच्या वाद्यवृंदात बसवली. जिथे कागद कोरा आहे तिथे त्याने शूबर्टची नक्कल केली नाही. तिथे चेलेस्टाचा, म्हणजे घंटांसारखा आवाज असलेल्या छोट्या पियानोसारख्या वाद्याचा, किणकिणाट सुरू होतो, धुक्यात हरवलेले सूर तरंगतात, शूबर्टच्याच इतर रचनांचे तुकडे ओळखीचा चेहरा गर्दीत दिसावा तसे दिसून नाहीसे होतात, आणि मग पुन्हा शूबर्टचा हात लागतो. पडझड झालेलं भित्तिचित्र जपताना नवा रंग न लावता रिकामी जागा रिकामीच दिसू देणारे लोक असतात. बेरिओ त्या जातीचा. चेलेस्टा वाजली की मला कळतं, इथे तो उठून गेला. आणि जिथे ती वाजत नाही तिथे तो आहे.

आता ब्रुकनर. खरं तर सगळं लिहायला बसलो ते ब्रुकनरसाठी.

वर ज्या झेक्टर मास्तरांचं नाव आलं, त्यांच्याचकडे सत्तावीस वर्षांनी, १८५५ साली, आन्टोन ब्रुकनर शिकायला लागला. तोही एकतिसाव्या वर्षी. खेड्यातल्या शाळामास्तराचा मुलगा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. शूबर्टला एकच पाठ मिळाला, ब्रुकनरने सहा वर्षं नेटाने, बराचसा पत्रोपत्री, अभ्यास केला. शिकण्याची त्याची भूक संपतच नसे, आणि स्वतःबद्दलची शंकाही. १८८७च्या ऑगस्टमध्ये आठवी सिंफनी लिहून होताच त्याने नववीला हात घातला. पण ज्याला तो मानायचा त्या हेर्मान लेव्ही या कंडक्टरला आठवी समजली नाही, त्याने ती परत पाठवली. ब्रुकनर खचला. आठवी पुन्हा लिहायला घेतली, तिसरी पुन्हा, आणखी जुन्या रचना पुन्हा. त्यात वर्षं गेली. नववीच्या पहिल्या तीन मूव्हमेंट पुऱ्या झाल्या तेव्हा ३० नोव्हेंबर १८९४ उजाडला होता. ही सिंफनी त्याने ‘प्रिय देवाला’ अर्पण करायची ठरवली होती. त्याच्यासारख्या भाविकाने ते शब्दशः म्हटलं होतं.

ख्याल ऐकत वाढलेल्या कानाला ब्रुकनर परका वाटत नाही, हा माझा अनुभव. बहुतेक सिंफनी ऐकताना सतत काहीतरी घडत असतं. ब्रुकनर एका जागी थांबतो. एक सूर धरतो, त्याच्याभोवती फिरतो, थोडं वर जातो, परत येतो, आणि मग पूर्ण शांतता ठेवून दुसरीकडून सुरुवात करतो. मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याला आवाज भिंतींवरून परत येईपर्यंत थांबावं लागतं, ती सवय त्याच्या लिहिण्यात उतरली आहे. व्हिएन्नातल्या समीक्षकांना हा संथपणा खपला नाही. विलंबित लयीत तासभर बढत ऐकणाऱ्याला त्यात अडचण वाटायचं कारण नाही. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी उमेदीच्या काळात, १९६५ साली, व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर ही नववी रेकॉर्ड केली. शिक्षण व्हिएन्नाचं, पण घर मेहली मेहतांचं, ज्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. ती रेकॉर्ड मी नववीची पहिली म्हणून ऐकली आणि अजूनही तिच्याकडे जातो.

तिसरी मूव्हमेंट, अडाजिओ, म्हणजे संथ लयीतली. पहिली व्हायोलिनं एकटीच सुरू होतात. साथीला कुणी नाही. एका सुरावरून थेट नऊ पायऱ्या वर झेप, तीही मायनर. कान सप्तकाची अपेक्षा करतो आणि व्हायोलिनं सप्तकाच्या जरा पलीकडे जाऊन आदळतात. त्या अर्ध्या स्वराच्या वाढीत सगळी तगमग आहे. थोड्या वेळाने वाग्नर ट्युबा, म्हणजे हॉर्न आणि ट्युबा यांच्या मधला तो गडद, भरीव आवाज, एक उतरती प्रार्थना म्हणतात. या जागेला ब्रुकनरने स्वतःच ‘आयुष्याचा निरोप’ म्हटलं. तेव्हा निरोप हा शब्द इथे कुणी बाहेरून चिकटवलेला नाही, हे मला मान्य करावं लागतं. मात्र हा निरोप मूव्हमेंटच्या सुरुवातीच्या भागात येतो. तो म्हणून झाल्यावर ब्रुकनरला बरंच काही सांगायचं आहे.

शेवटाकडे जाताना तो एक चढ चढायला लागतो. नऊ पायऱ्यांची ती झेप आता सगळ्या वाद्यवृंदाच्या तोंडी, पुन्हा पुन्हा, एकेक थर वाढत. आणि माथ्यावर पोचल्यावर जिथे सुटका हवी तिथे एक स्वरसमूह वाजतो, ज्यात स्केलचे सातही स्वर एकाच वेळी आहेत. पाश्चात्त्य संगीताचा मुळीच सराव नसलेल्या माणसालाही तो आवाज कानठळ्या बसवणारा आणि चुकीचा वाटेल. ब्रुकनर तो सोडवत नाही. मधेच तोडतो. शांतता. ही शांतता किती लांब ठेवायची यावरून कंडक्टर ओळखता येतो. काही जण घाबरून पुढे सरकतात. त्यानंतर दोन-तीन मिनिटं सगळं निवळत जातं, ट्युबा आठवीतली एक आठवण काढतात, हॉर्न सातवीची सुरुवात आठवतात, आणि ई मेजरमध्ये सिंफनी थांबते.

इथे जगभर टाळ्या होतात, बहुधा बऱ्याच वेळाने. आणि सगळे म्हणतात, यानंतर आणखी काय हवं? हाच खरा शेवट.

ब्रुकनरला मात्र हा शेवट नको होता. मे १८९५ पासून ११ ऑक्टोबर १८९६ला मरेपर्यंत, जवळजवळ दीड वर्षं, तो चौथी मूव्हमेंट लिहीत होता. तब्येत ढासळली होती, जिने चढवत नव्हते म्हणून सम्राटाने बेल्वेडेर राजवाड्याच्या आवारात तळमजल्यावरचं घर राहायला दिलं होतं. शेवटच्या दिवशी सकाळीही तो या पानांवर बसला होता, असं सांगतात. पुरं झालं नाही तर आपलं ‘ते देउम’, म्हणजे देवाच्या स्तुतीचं ते गायन, शेवटी जोडा, अशी सोय त्याने सुचवून ठेवली होती. ‘ते देउम’ सी मेजरमधलं, सिंफनी डी मायनरमधली, आणि या दोन स्वरपट्ट्यांचं जमत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्याला सिंफनी स्तुतीवर संपवायची होती, कशीही.

तो गेल्यावर खोलीतली हस्तलिखिताची पानं आठवण म्हणून लोकांनी उचलून नेली. हे वाचलं त्या दिवशी मला राग आवरेना, आजही आवरत नाही. चाहतेच असणार ते. प्रेमाने नेली असणार. दीड वर्षाची मेहनत घडीच्या मोठ्या कागदांवर क्रमांक घालून मांडलेली होती, आणि त्यातले मधले क्रमांक नाहीसे झाले. पुढे १९०३ मध्ये फेर्डिनांड ल्योवेने सिंफनी पहिल्यांदा वाजवली ती स्वतः बरेच फेरफार करून, आणि ते फेरफार आपले आहेत हे न सांगता. ब्रुकनरने प्रत्यक्षात काय लिहिलं होतं ते ऐकायला २ एप्रिल १९३२ उजाडावा लागला. म्युनिकमध्ये झीगमुंड फॉन हाउसेगर याने एकाच मैफलीत आधी ल्योवेची आवृत्ती आणि मग ब्रुकनरची मूळ आवृत्ती वाजवली. त्या मैफलीला बसलेल्या लोकांचा मला हेवा वाटतो.

आणि चौथी मूव्हमेंट? उरलेल्या पानांत खूप काही आहे. काही पानं पूर्ण लिहिलेली, काहींवर तंतुवाद्यं पक्की आणि फुंकीच्या वाद्यांच्या नुसत्या खुणा, अगदी शेवटच्या भागाचे फक्त आराखडे. २००२ साली साल्झबर्गमध्ये निकोलाउस हार्नोनकोर्टने व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून हे तुकडे जसेच्या तसे वाजवून घेतले. पान संपलं की वाद्यवृंद थांबतो, हार्नोनकोर्ट बोलतो, इथे किती गेलंय ते सांगतो, पुन्हा वाजतं. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, सायमन रॅटलने बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर चार अभ्यासकांनी मिळून पुरी केलेली मूव्हमेंट जोडून सगळी सिंफनी रेकॉर्ड केली.

ती पहिल्यांदा ऐकताना मी दचकलो. अडाजिओनंतर जो निवांतपणा आला होता तो मोडला. वेडेवाकडे, कोनदार सूर, हट्टी लय, मध्येच एक फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक वाद्यं उचलत जातात अशी काउंटरपॉइंटची रचना. झेक्टर मास्तरांचा विद्यार्थी बहात्तराव्या वर्षीही फ्यूग लिहितोय. आणि मग अचानक पितळी वाद्यं एक प्रार्थना वाजवतात. वरून खाली उतरणारी. ओळखीची वाटते. ही तर अडाजिओमधल्या त्या ट्युबांची नातेवाईक. तिथे ‘आयुष्याचा निरोप’ म्हणून जी खोल अंधारात उतरली होती, ती इथे लख्ख उजेडात उतरते. थोड्या वेळाने ‘ते देउम’मधली व्हायोलिनांची ती धावती नक्षीही हळूच शिरते. म्हणजे निरोप हा रस्त्यातला टप्पा होता. मुक्काम पुढे होता, आणि ब्रुकनर तिकडे निघाला होता.

पुरी केलेली ही मूव्हमेंट अडाजिओच्या तोडीची नाही, हे मी मान्य करतो. शेवटचा भाग तर तर्कानेच रचलेला आहे. पण आता तीन मूव्हमेंटवर थांबणं मला जड जातं. तिथे थांबलं की आपल्याला एक सुंदर मरण मिळतं. त्याला जे म्हणायचं होतं ते मात्र त्याच्या तोंडातच राहतं.

माझे वडील गेले त्यानंतरच्या दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण म्हणत होता, “अण्णांना कळलं होतं.” पुरावेही दिले जात. महिनाभर आधी त्यांनी बँकेचे कागद आईला समजावून दिले. मावशीला मुद्दाम फोन केला. गच्चीवरच्या कुंड्या शेजाऱ्यांना दिल्या. आई मान हलवायची, तिला त्याचा आधार वाटत असावा. पुढे कपाट आवरताना त्यांची दुरेघी वही सापडली. निवृत्तीनंतर ते मोडी शिकायला लागले होते, हे आम्हाला माहीत होतं. किती मन लावून, ते माहीत नव्हतं. पानंच्या पानं एकेका अक्षराचा सराव, वरची रेघ आधी पट्टीने ओढून घेतलेली. एका जुन्या खरेदीखताची झेरॉक्स, तिच्यावर पेन्सिलीने लावलेले निम्मे-अर्धे शब्द. न लागलेल्या शब्दांखाली खूण आणि समासात “विचारणे”. वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर चौथ्या ओळीपर्यंत ‘ज्ञ’ गिरवलेला. पाचव्या ओळीची रेघ ओढून ठेवलेली. ती वही मी आईला दाखवली. तिने बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “हे मात्र त्यांचंच.”

गुस्ताव माहलर विद्यार्थिदशेत ब्रुकनरच्या व्याख्यानांना बसायचा, पुढे त्याच्या सिंफनी स्वतः वाजवायचा. झेक्टर, ब्रुकनर, माहलर असा हा धागा येतो. माहलरबद्दल तर निरोपाचा बाजार आणखी मोठा. नववी सिंफनी लिहिली की संगीतकार मरतो, ही बेथोवनपासूनची दंतकथा. माहलर तिला भ्यायला, असं म्हणतात. त्याने नववी लिहिली १९०९ साली. तिची शेवटची मूव्हमेंट विरत विरत इतकी विरळ होते की शेवटचे सूर ऐकू आले की आठवले हे कळेनासं होतं. स्वरलिपीत त्याने शेवटी जो शब्द लिहिलाय त्याचा अर्थ ‘मरत जात’. याहून स्पष्ट निरोप कुठला? आणि हा निरोप घेऊन झाल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात त्याने दहावी लिहायला घेतली.

तो उन्हाळा भयंकर होता. १९१०. टोबलाखच्या डोंगरातलं शेतकऱ्याचं घर, रानात लाकडी झोपडी, तिथे तो सकाळी लिहायला जायचा. जुलैअखेर त्याच्या नावावर एक पत्र आलं. पत्र होतं वाल्टर ग्रोपिउस या तरुण वास्तुकाराचं, आणि त्यातला मजकूर होता माहलरच्या बायकोसाठी, आल्मासाठी. माहलर कोसळला. ऑगस्टमध्ये लायडनला जाऊन फ्रॉइडला भेटून आला. दहावीच्या पानांवर त्याने जागोजागी ओरखडे काढावेत तसं लिहिलंय. “देवा, मला का सोडलंस?” “सैतान हे माझ्यासोबत नाचतोय.” चौथ्या मूव्हमेंटच्या शेवटी ढोलाचा एकच दबका ठोका आहे, त्यापाशी लिहिलंय, “याचा अर्थ फक्त तुला माहीत आहे.” आल्माने पुढे तो सांगितला. काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या हॉटेलच्या खिडकीखालून आगीत मेलेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याची अंत्ययात्रा गेली होती. यात्रा थांबली, ढोलावर एक दबका ठोका पडला, आणि वर खिडकीत माहलर रडत होता.

पाचवी मूव्हमेंट त्याच ठोक्याने सुरू होते. ठोका. तळातून ट्युबा उठायचा प्रयत्न करते. ठोका. पुन्हा प्रयत्न. पुन्हा ठोका. किती वेळ? कान मिटून घ्यावेत इतका. आणि मग कुठूनशी एकट्या फ्लूटची सुरावट येते. लांब, साधी, न थकणारी. मी ती कितीदा ऐकली असेल! दर वेळी सुरुवातीच्या दोन-चार सुरांतच घसा दाटतो. ती फ्लूट सांत्वन करत नाही. ती नुसती चालत राहते, आणि ढोल थांबतो.

आता या पानांची स्थिती पाहा. माहलरची पद्धत अशी होती की उन्हाळ्यात सगळ्या सिंफनीचा खर्डा करायचा आणि हिवाळ्यात, मैफलींच्या धबडग्यात, त्याची पक्की प्रत लिहायची. १९१०चा उन्हाळा संपला तेव्हा दहावी पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत सलग लिहिलेली होती. पहिल्या दोन मूव्हमेंट वाद्यवृंदासह, तिसरीची सुरुवात तशीच, बाकी चार ओळींवर. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेवट त्याने आधी बी फ्लॅटमध्ये लिहिला आणि मग पुन्हा लिहून एफ शार्पमध्ये नेला, कारण सिंफनी सुरू झाली होती एफ शार्पमध्ये. संसार मोडायला आलेला, समासात किंकाळ्या, आणि हा माणूस शेवटचा सूर सुरुवातीच्या सुराशी जुळवून घेतोय! मला यात जेवढा माहलर दिसतो तेवढा त्या किंकाळ्यांत दिसत नाही.

हिवाळ्यात तो न्यूयॉर्कमध्ये आजारी पडला. हृदयाला जंतुसंसर्ग, तेव्हा त्यावर औषध नव्हतं. १८ मे १९११ला व्हिएन्नात मेला. पुढे पन्नास वर्षं जगाने बहुतेक फक्त पहिली मूव्हमेंट ऐकली, तीही अडाजिओ. कान फाडणारी नऊ सुरांची ती किंकाळी आणि नंतरचं शांत होत जाणं. मोठमोठे कंडक्टर तेवढंच वाजवून थांबत, काही आजही थांबतात. ब्रुकनरचं झालं तेच. निराशेवर पडदा.

डेरिक कुक हा बीबीसीत काम करणारा इंग्रज माणूस. १९६०च्या माहलर शताब्दीसाठी पुस्तिका लिहिताना त्याने खर्ड्याचे छापील फोटो नीट वाचले आणि त्याला कळलं की इथे सगळं आहे. डिसेंबर १९६० मध्ये रेडिओवर त्यातला बराच भाग वाजला. आल्माने बंदी घातली. १९६३ मध्ये तिला ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं आणि तिने ती उठवली. आपल्याला उद्देशून लिहिलेलं ते संगीत तिने त्र्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. १३ ऑगस्ट १९६४ला बेर्टोल्ड गोल्डश्मिटच्या हाताखाली लंडनला दहावी पूर्ण वाजली, आणि त्याच डिसेंबरात आल्मा वारली. कुकने आपल्या कामाला सिंफनी ‘पूर्ण केली’ असं कधी म्हटलं नाही. माहलरचा खर्डा वाजवता येईल असा केला, एवढंच तो म्हणायचा. हे मला फार मोलाचं वाटतं.

शेवटच्या पानावर माहलरने लिहिलंय, “तुझ्यासाठी जगायचं! तुझ्यासाठी मरायचं!” आणि सगळी व्हायोलिनं एकदम वर झेप घेतात तिथे तिचं लाडकं नाव, “आल्मशी!” जगायचं हा शब्द आधी आहे.

प्रत्येक गोष्ट या बाजूची नाही, हेही खरं. एडवर्ड एल्गारने तिसऱ्या सिंफनीचे आराखडे मागे ठेवले आणि अंथरुणावरून मित्राला बजावलं की याला कुणी हात लावू नये. अँथनी पेनने ती पुरी केली आणि १९९८ मध्ये ती पहिल्यांदा वाजली. आराखड्यांवरचा हक्क संपायला आला होता, आणि उद्या कुणीही वाटेल ते करण्यापेक्षा आजच नीट झालेलं बरं, म्हणून घरच्यांनी संमती दिली. संगीत देखणं आहे, पण मी ते मोकळ्या मनाने ऐकू शकत नाही. सिबेलियसने आठवी सिंफनी चाळिशीच्या दशकात स्वतःच्या घरी स्वतःच जाळली आणि पुढे १९५७ पर्यंत जगला. २०११ साली हेलसिंकीत तिचे मानले जाणारे काही तुकडे वाजवले, तीन मिनिटांचेही नाहीत. त्या तुकड्यांत काय अद्भुत हवा आहे! तरी जाळणाऱ्याचा निर्णय त्याचा होता. आणि चायकोव्हस्कीची सहावी तर अर्धवट नव्हतीच. २८ ऑक्टोबर १८९३ला त्याने स्वतः ती वाजवली तेव्हा श्रोते जरा बुचकळ्यात पडले होते. नऊ दिवसांत तो वारला, आणि लगेच ती सगळ्यांना आधीपासूनच मृत्युपत्र वाटायला लागली. सूर एकही बदलला नव्हता.

कुणाला या वाटेने जायचं असेल तर माझं सांगणं असं. माहलरची दहावी ऐकायची तर रॅटलची १९८० मधली बोर्नमथ वाद्यवृंदाबरोबरची रेकॉर्ड घ्या, पाचही मूव्हमेंट एका बैठकीत, सव्वा तास काढून. ब्रुकनरची नववी आधी झुबिन मेहतांची ऐका, आणि दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी रॅटलची चारही मूव्हमेंटची. मधे हार्नोनकोर्टचं ते बोलत बोलत वाजवणं जरूर ऐका. आणि मुंबईत, जिथे एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून आपला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे कुणीतरी तसाच एक कार्यक्रम करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. ब्रुकनरच्या चौथ्या मूव्हमेंटची उरलेली पानं क्रमाने वाजवायची, जिथे पान नाही तिथे थांबून सांगायचं, आणि पुढचं पान लावायचं.